दोन बिल्डिंगमधलं अंतर आणि आगीचं सिम्युलेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात रिडेव्हलपमेंटची कामं वाढली तसे सोसायटीच्या कमिट्यांकडून, आर्किटेक्चरच्या मुलांकडून आणि पेठेतल्या वाडेवाल्यांकडून मला तेच तेच प्रश्न यायला लागले, म्हणून ते एकदाच इथे लिहून ठेवतोय. आधी साधे प्रश्न आहेत, मग अडचणीचे. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात लागत असेल तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. फायर सिम्युलेशन म्हणजे तो ज्वाळांचा रंगीत व्हिडिओच ना?

व्हिडिओ सगळ्यात शेवटी निघतो, आणि मी तरी तो सगळ्यात शेवटीच बघतो. खरं काम असं की बिल्डिंग आणि तिच्या आजूबाजूची मोकळी जागा कॉम्प्युटरमध्ये लाखो छोट्या चौकोनी ठोकळ्यांत वाटायची आणि प्रत्येक ठोकळ्यात तापमान किती, हवा कुठे चाललीय, धूर किती, जळणारा वायू किती हे क्षणाक्षणाला मोजत जायचं. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर, सगळे एफडीएस म्हणतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने ते २००० साली पहिल्यांदा दिलं आणि आजही फुकट मिळतं. चित्र बघायचं सॉफ्टवेअर वेगळं, त्याचं नाव स्मोकव्ह्यू.

२. ज्वाळा समोरच्या बिल्डिंगपर्यंत पोचतच नाहीत, मग ती पेटते कशी?

होळीसमोर उभे राहिलात की तोंड भाजतं आणि पाठ गार राहते ना, तेच कारण. मधली हवा फारशी तापलेली नसते, उष्णता किरणांनी थेट येते. दोन बिल्डिंगमधल्या अंतराचं जवळजवळ सगळं गणित या किरणांच्या उष्णतेवर चालतं. बाकी दोन वाटा आहेत, ज्वाळा थेट चाटणं (प्रश्न १० आणि ११) आणि उडणाऱ्या ठिणग्या (प्रश्न १४). या किरणांची खोड अशी की ते तापमानाच्या चौथ्या घातावर चालतात, म्हणजे आग केल्व्हिनमध्ये १० टक्के जास्त तापली की उष्णता साधारण ४६ टक्के वाढते, त्यामुळे "थोडीच जास्त गरम धरली" असं इथे काही नसतं.

३. "सेफ" म्हणजे नक्की किती उष्णता?

कोणाला सेफ, हे आधी ठरवा. मे महिन्यात भर दुपारी पुण्याच्या टेरेसवर उन्हातून चौरस मीटरला साधारण १ किलोवॅट येतं, ते डोक्यात ठेवा. उघड्या कातडीला २.५ किलोवॅटच्या वर फार वेळ सोसत नाही, सुटकेच्या वाटेसाठी हीच मर्यादा धरतात. लाकूड १२.५ च्या आसपास, जवळ ठिणगी किंवा छोटी ज्वाळा असेल तर काही मिनिटांत पेटू शकतं. ठिणगी नसेल तर त्याला याच्या दुपटीहून जास्त लागतं, पण आग लागल्यावर ठिणगी नसेल असं कोण धरणार, त्यामुळे समोरच्या भिंतीसाठी १२.५ हाच आकडा वापरला जातो.

इथे एक गोष्ट लोक हमखास विसरतात. समोरच्या खिडकीत वाळत घातलेले कपडे, मच्छरदाणीची जाळी, पातळ पडदे हे जाड लाकडाच्या आधी पेट घेतात. मॉडेलमध्ये समोर कोरी सिमेंटची भिंत दाखवून "काही पेटलं नाही" असं लिहिलं असेल तर त्या ओळीला अर्थ नाही.

४. बरं, मग किती मीटर ते सांगा की.

एक खरं गणित करून दाखवतो, म्हणजे आकडे कसे हलतात ते कळेल. समजा ३ मीटर रुंद आणि दीड मीटर उंच एक खिडकी आहे, आत खोली पूर्ण पेटलीय आणि तापमान १००० डिग्री सेल्सिअस. अशी खिडकी चौरस मीटरला साधारण १४९ किलोवॅट फेकते. बरोबर समोर दीड मीटरवर त्यातले ५४ येतात, ३ मीटरवर २०, ४ मीटरवर १२, आणि ६ मीटरवर साडेपाचच्या थोडं वर.

म्हणजे लाकडाच्या हिशोबाने ४ मीटरला जेमतेम निभावलं. पण त्याच बाजूच्या मार्जिनमधून, म्हणजे बिल्डिंग आणि कंपाउंडच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यातून, माणसं पळणार असतील तर त्यांना २.५ ची मर्यादा, आणि ती या एका खिडकीसमोर जवळजवळ ९ मीटरवर मिळते! भिंतीला ४ आणि माणसाला ९, खिडकी तीच. मला वाटतं हा फरक प्रत्येक कमिटीने एकदा कागदावर लिहून बघावा, कारण आपल्याकडे जिन्यातून खाली उतरलेली माणसं बहुतेक वेळा याच साइड मार्जिनमधून गेटकडे येतात.

आता तीच खिडकी ३ ऐवजी ९ मीटर सलग करा, हल्ली हॉलला असते तशी किंवा दुकानाच्या दर्शनी काचेसारखी. ४ मीटरवरचे १२ चे २३ होतात. अंतर तेच राहिलं, फक्त उघडी जागा वाढली. म्हणून "किती मीटर" या प्रश्नाला उघड्या भागाचं माप दिल्याशिवाय उत्तर नसतं. आणि हे नुसतं खिडकीचं आहे, बाहेर आलेल्या ज्वाळा यात धरलेल्याच नाहीत, त्या प्रश्न ६ मध्ये येतात.

५. पण नियमातलं साइड मार्जिन सोडलंय, प्लॅन पास आहे, मग हे सगळं कशाला?

नियम पाळायचाच, सिम्युलेशन दाखवून मार्जिन कमी करून मिळेल अशा आशेने कोणी येत असेल तर मी आधीच नाही म्हणतो. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत उंच बिल्डिंगला बाजूचं मार्जिन उंचीच्या एक पंचमांश या हिशोबाने येतं, आणि राष्ट्रीय बिल्डिंग कोड २०१६ च्या भाग ४ मध्ये आगीचं वेगळं प्रकरण आहे. पण मार्जिन हे उजेड, वारा, फायरची गाडी फिरणं आणि आग या सगळ्यांसाठी मिळून असतं. समोर गोडाऊन आहे का दवाखाना, खिडक्या छोट्या आहेत का सगळी काच, हे त्या एका आकड्याला माहीत नसतं. सिम्युलेशन ते बघतं. त्यातून "मार्जिन बरोबर आहे, पण या तीन खिडक्या समोरासमोर नकोत" असं काहीतरी हाताला लागतं, आणि ते प्लॅनवर एका दुपारीत बदलता येतं.

६. प्रश्न ४ चं गणित तर कॅल्क्युलेटरवर झालं, मग सिम्युलेशन लागतंच कधी?

साधी सरळ भिंत आणि समोर साधी सरळ भिंत असेल तर खरंच लागत नाही. इंग्लंडमध्ये बीआर १८७ नावाच्या पुस्तिकेने लोक कित्येक वर्षं हाताने हेच करतायत, पहिली आवृत्ती १९९१ ची. त्यात घरं आणि ऑफिससाठी उघड्या भागातून ८४ किलोवॅट धरतात आणि दुकानं-गोडाऊनसाठी १६८. सिम्युलेशनचे पैसे भरायच्या आधी हे हाताचं गणित करून घ्याच, नंतर कॉम्प्युटरचा आकडा त्याच्याशी ताडून बघता येतो.

सिम्युलेशन लागतं ते आकार वाकडा असेल तेव्हा. एल आकाराची बिल्डिंग, दोन विंगमधला डक्ट, खाली पोडियम पार्किंग, मध्ये वारा अडवणारं काहीतरी, किंवा खिडकीतून बाहेर येऊन वर चढणाऱ्या ज्वाळा. या बाहेरच्या ज्वाळा फार महत्त्वाच्या. कॅनडात १९५८ साली सेंट लॉरेन्स नदीच्या प्रकल्पात बुडणार होती ती घरं शास्त्रज्ञांनी मुद्दाम पेटवून मोजमाप घेतलं, त्यात नुसती खिडकीची भोकं धरून जेवढी उष्णता यायला हवी त्यापेक्षा बरीच जास्त आली, कारण ज्वाळा बाहेर येऊन स्वतःच तापवत होत्या, आणि ज्या घरांना आतून जळाऊ अस्तर होतं तिथे तर फारच. आपल्याकडे हल्ली प्रत्येक हॉलला प्लायवूडचं पॅनेलिंग आणि खोटं छत असतं, ते बघितलं की मला हा प्रयोग आठवतो.

७. आग किती मोठी धरायची हे कोण ठरवतं? सॉफ्टवेअर स्वतः काढतं का?

तुम्ही ठरवता, आणि अख्ख्या रिपोर्टमधला सगळ्यात मोठा निर्णय हाच. सॉफ्टवेअरला लाकडाचं कपाट कसं पेटत जाईल हे स्वतःहून काढायला लावता येतं, पण त्यावर अंतर ठरवण्याइतका भरवसा मी ठेवत नाही. आगीचा जोर किलोवॅटमध्ये आपण द्यायचा आणि का तेवढा दिला ते लिहायचं.

खोलीच्या आगीला वरची मर्यादा हवेची असते. उघड्या भागाचं क्षेत्रफळ गुणिले त्याच्या उंचीचं वर्गमूळ गुणिले १५०० केलं की आत जास्तीत जास्त किती किलोवॅट जळू शकतं ते येतं. प्रश्न ४ ची खिडकी घेतली तर साधारण ८,३०० किलोवॅट, म्हणजे ८.३ मेगावॅट. खोलीत सामान त्याहून जास्त असेल तर उरलेला वायू बाहेर येऊन खिडकीबाहेर जळतो, म्हणजे समोरच्यासाठी आणखी वाईट. आणि काच फुटायची वेळसुद्धा तुम्हीच सांगायची असते. खिडकी बंद ठेवून चालवलेलं सिम्युलेशन समोरच्या बिल्डिंगला कायम सुरक्षितच दाखवणार.

८. ग्रिड किती बारीक पाहिजे? आमच्या इंजिनिअरने अर्धा मीटर घेतलाय.

ग्रिड म्हणजे प्रश्न १ मधल्या ठोकळ्यांची जाळी, आणि ८.३ मेगावॅटच्या आगीसाठी अर्ध्या मीटरचा ठोकळा जाड झाला. आगीच्या जोरावरून एक लांबी काढतात, तिला आगीचा वैशिष्ट्यपूर्ण व्यास म्हणतात, या आगीला ती सव्वादोन मीटरच्या आसपास येते. तिला ठोकळ्याच्या मापाने भागलं की ४ ते १६ च्या मध्ये उत्तर यावं असा पायंडा आहे. अर्ध्या मीटरला साडेचार येतं, म्हणजे अगदी काठावर. मी निदान १० धरतो, म्हणजे २०-२२ सेंटीमीटर.

बारीक केलं की वेळ मात्र खूप वाढतो. ३० बाय २० बाय २० मीटरची जागा २० सेंटीमीटरने केली तर १५ लाख ठोकळे, १० सेंटीमीटरने केली तर १ कोटी २० लाख, आणि वेळेची पावलंही अर्धी होतात म्हणून काम सोळा पट. सगळीकडे बारीक करायची गरज नाही, खिडकीजवळ बारीक आणि लांब जाड चालतं. पण दोन वेगळ्या ग्रिडवर चालवून आकडा फारसा हलत नाही हे दाखवलंच पाहिजे, ते पान रिपोर्टमध्ये नसेल तर मागून घ्या.

९. समोरच्या भिंतीवर उष्णतेचे पट्टे पट्टे दिसतात, हे बरोबर आहे का?

नाही, ती मॉडेलची चूक आहे, आग तशी नसते. एफडीएस किरणं सगळ्या दिशांना सोडत नाही, स्वतःहून साधारण १०० दिशा धरतं. जवळ चालतं, पण लांबच्या भिंतीवर दोन दिशांच्या मध्ये पडणाऱ्या जागेला उष्णता कमी आणि दिशेवरच्या जागेला जास्त अशी दिसते. आपला प्रश्नच लांबच्या भिंतीचा असल्यामुळे दिशा वाढवून काहीशेवर न्याव्या लागतात. एकच मोजणी-बिंदू ठेवून तो नेमका कोरड्या पट्ट्यात पडला तर खोटा दिलासा मिळतो, म्हणून समोरच्या भिंतीवर बिंदूंची जाळीच लावायची, आणि खिडकीच्या वरच्या मजल्यांवर जास्त.

१०. वारा धरायचा का? कुठला?

धरायचाच. वाऱ्याने ज्वाळा समोरच्या बाजूला झुकते आणि मधलं अंतर तेवढं कमी होतं. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी आणि पावसाळ्यात पश्चिमेकडून वारा येतो हे सगळ्यांना माहीत आहे, पण फक्त तोच धरू नका, तुमच्या दोन बिल्डिंगच्या रेषेत वाहणारा वारा पण एकदा चालवा आणि वारा अजिबात नाही असंही एकदा. मला कधी कधी वारा नसतानाच वरच्या मजल्यासमोरचा आकडा जास्त मिळालाय कारण ज्वाळा सरळ उभी राहते.

११. आम्ही पेठेत राहतो, शेजारच्या वाड्यात आणि आमच्यात एक मीटरची बोळ आहे. आम्हाला काय उपयोग?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो आणि याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. एक मीटरवर किरणांचं गणित करण्यात अर्थच राहत नाही, ज्वाळा थेट पोचतात. शिवाय बोळ धुराड्यासारखी वागते, दोन्ही भिंती तापून एकमेकींना परत तापवतात आणि गरम धूर वर कोंडतो. सागवानी खांब, कडीपाट, पोटमाळ्यावरचं जुनं सामान, हे सगळं वाड्याच्या पोटात भरलेलं जळण. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला तेव्हा आतले लाकडी महाल जळाले आणि दगडी तट नि दरवाजे उरले, आजही तेवढंच दिसतं.

दाट वस्तीच्या भागाला नियमावलीत मार्जिनचे वेगळे, कमी आकडे आहेत, ते असूही देत, पण आगीला ते कळत नाही. इथे उपाय अंतराचा नसून भिंतीचा आहे. बोळीकडच्या खिडक्या बुजवणं किंवा आग झेलणारी न उघडणारी काच बसवणं, बोळीकडची बाजू पक्की बांधणं, वाशांची टोकं बाहेर आलेली असतील तर झाकणं. सिम्युलेशनचा उपयोग एवढाच, की चार खिडक्यांपैकी कुठली आधी बुजवायची ते कळतं.

मार्च २०२१ मध्ये कॅम्पातली फॅशन स्ट्रीट एका रात्रीत जळाली, शेकडो दुकानं गेली. तसल्या ठिकाणी अंतर शून्यच, तिथे मॉडेल चालवत बसण्यापेक्षा मध्ये मोकळे पट्टे पाडणं हेच काम.

१२. मार्जिन सहा मीटर आहे, पण त्यात टू-व्हीलर लावतो आणि वर पत्र्याची शेड आहे. चालतं ना?

मार्जिन सहा मीटर मोकळं असेल तरच सहा मीटर. त्यात गाड्यांची रांग लावली की आग पलीकडे जायला पायऱ्या मिळाल्या, एक गाडी पेटली की दुसरी, आणि शेड असेल तर ज्वाळा वर न जाता पत्र्याखालून आडव्या पसरतात. एकट्या मोटारीची आगसुद्धा काही मेगावॅटची असते.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. एका कामात मी ड्रॉइंगवरून मॉडेल केलं आणि आकडे छान आले. नंतर साइटवर गेलो तर मार्जिनवर प्लास्टिकचे पारदर्शक पत्रे टाकलेले आणि पावसाळ्याची ताडपत्री तशीच बांधलेली. ड्रॉइंगमध्ये ते कुठेच नव्हतं. सगळं परत चालवलं आणि निष्कर्ष उलटा झाला. तेव्हापासून मी जागा स्वतः बघितल्याशिवाय मॉडेल सुरू करत नाही. फायरची गाडी आत येण्याचा प्रश्न तर वेगळाच आहे, आणि तो मिटवायला सिम्युलेशन लागत नाही, गाड्या हलवाव्या लागतात.

१३. बाहेरून एसीपी शीट लावलंय. ते कसं धरायचं?

एसीपी म्हणजे ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल, त्याच्या दोन पातळ ॲल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा असेल तर ती अख्खी भिंत जळण धरायची, नुसत्या खिडक्या नाही. १४ जून २०१७ ला लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये ७२ माणसं गेली, तिथे असंच आवरण होतं. प्रश्न ४ मध्ये बघितलं तसं उघडा भाग वाढला की अंतर लगेच अपुरं पडतं. गाभा कुठला आहे हे बिलावरून आणि टेस्ट सर्टिफिकेटवरून काढा, "फायरप्रूफ आहे साहेब" या तोंडी उत्तरावर नको.

१४. उडणाऱ्या ठिणग्या आणि दिवाळीतले रॉकेट यात येतात का?

ठिणग्या कुठे उडतील ते मॉडेल साधारण दाखवू शकतं, पण पडल्यावर काय पेटेल हे भरवशाने सांगू शकत नाही. आणि त्या १२.५ च्या रेषेच्या कितीतरी पलीकडे जातात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या लाकडाच्या वखारींजवळ राहणाऱ्यांनी अंतराच्या आकड्यावर विसंबू नये. टेरेसवरचं भंगार, वाळका पाला, कौलांखालच्या फटी, गॅलरीतल्या ताडपत्र्या हे आवरणं हाच इलाज आहे.

१५. गॅस सिलेंडर फुटला तर काय होईल ते पण यात दिसेल ना?

नाही. एफडीएस सावकाश वाहणाऱ्या हवेसाठी बनवलंय, स्फोटाची दाबाची लाट त्यात येत नाही. त्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत. रिपोर्टमध्ये एफडीएसच्या जोरावर स्फोटाबद्दल काही लिहिलेलं दिसलं तर थेट विचारा.

१६. स्प्रिंकलर आहेत, मग अंतर कमी चालेल का?

चालू असतील तर आग लहान राहते आणि इंग्लंडच्या पद्धतीत त्याची सूट पण मिळते. मी मात्र दोन्ही चालवतो, स्प्रिंकलर चालले असं धरून आणि टाकी रिकामी होती असं धरून. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या आहेत, फायरच्या टाकीतलं पाणी वापरायला घेतलेलं मी डोळ्यांनी बघितलंय.

१७. शेजारी जुना वाडा, आमची नवीन बिल्डिंग. अंतर कोणी सोडायचं?

इंग्लंडमध्ये यासाठी एक सरळ पद्धत आहे. प्लॉटच्या हद्दीपलीकडे तुमच्यासारखीच बिल्डिंग तेवढ्याच अंतरावर उभी आहे असं धरायचं आणि गणित करायचं, म्हणजे दोघांनी आपापला अर्धा वाटा सोडला. शेजारी पुढे काय बांधेल हे कोणालाच माहीत नसतं म्हणून ही पद्धत मला पटते.

पण शेजारी आज वाडा उभा असेल तर दोन्ही बाजूंनी चालवा. तुमची आग वाड्यावर आणि वाड्याची आग तुमच्यावर. दुसरी बहुतेक वेळा जास्त भारी निघते कारण लाकडी छप्पर पेटलं की खिडकी नाही, अख्खं छप्पर ज्वाळा होतं, आणि ते तुमच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या बेडरूमसमोर असतं. त्या बाजूच्या बेडरूमच्या खिडक्या आडव्या बाजूला फिरवता येत असतील तर प्लॅन पास व्हायच्या आधी फिरवा.

१८. रिपोर्ट पाच वर्षांपूर्वीचा आहे, परत करायचा का?

तुमची किंवा समोरची बिल्डिंग बदलली असेल तर हो. समोर रिडेव्हलपमेंट झालं, खाली दुकानाचं गोडाऊन झालं, गॅलऱ्या काचेने बंद केल्या, ईव्हीचे चार्जिंग पॉइंट मार्जिनमध्ये आले, यातलं काहीही झालं तरी जुना आकडा धरू नका. काहीच बदललं नसेल तर परत सिम्युलेशन नको, पण जुन्या रिपोर्टमधला आगीचा जोर (प्रश्न ७), ग्रिड (प्रश्न ८) आणि किरणांच्या दिशा (प्रश्न ९) किती धरल्या होत्या ते कोणाकडून तरी तपासून घ्या, आणि मूळ इनपुट फाइल सोसायटीच्या ताब्यात घ्या. ती साधी टेक्स्ट फाइल असते, पेन ड्राइव्हवर मावते, आणि ती असेल तर पुढच्या इंजिनिअरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.